वाचकांचे प्रश्न : गळाची दोरी, तिचे तरंगणे आणि सहज धावणे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी गळाच्या दोरीच्या निगेविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. दोरीला काय लावावे, असे बहुतेकांनी विचारले आहे. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: दोरी कशाची आहे आणि तिचा नेमका कोणता भाग तरंगायला हवा.

प्रश्न : हिप्परग्याच्या तलावावर मी काठी, तरंगा आणि साधा नायलॉनचा तंगूस घेऊन रोहू-मृगळासाठी बसतो. सुरुवातीला तंगूस पाण्यावर राहतो. पण थोड्या वेळाने काठीच्या टोकापासून तरंग्यापर्यंतचा भाग बुडतो आणि मग हिसका दिला तरी मासा लागत नाही. कोणी खोबरेल लावा म्हणतात, कोणी मेणबत्ती घासा म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नायलॉनची घनता सुमारे १.१४ आहे, म्हणजे तो पाण्यापेक्षा थोडा जड आहे आणि मोकळा सोडला तर बुडणारच. परंतु ही बुडण्याची ओढ किती क्षीण असते, हे हिशेब मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. पाव मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तंगुसाचे वजन सुमारे ५६ मिलिग्रॅम भरते आणि त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन ४९ मिलिग्रॅम असते. खाली ओढायला उरतात ते अवघे ७ मिलिग्रॅम. पाण्याचा पृष्ठताण याच्या शेकडो पट भार सहज पेलतो, मात्र त्यासाठी पाण्याने तंगुसाला भिजवून वरून मिटता कामा नये. एकदा तंगुसाच्या पाठीवरून पाणी मिटले की पृष्ठताणाचा आधार सुटतो आणि मग ते ७ मिलिग्रॅमही पुरेसे होतात. तेव्हा आपल्याला तंगूस हलका करायचा नसून तो पाण्याने भिजू नये एवढेच साधायचे आहे.

आपला तंगूस सुरुवातीला तरंगतो आणि नंतर बुडतो, याचे कारणही यातच आहे. तलावाच्या पृष्ठभागावर धूळ, शेवाळाचे कण आणि गाळाचा पातळ थर असतो; टाकलेली दोरी प्रत्येक वेळी परत गुंडाळताना तो तिच्यावर बसतो, आणि असा मळलेला पृष्ठभाग पाणी चटकन धरतो. म्हणून पहिला उपाय लावण्याचा नसून पुसण्याचा आहे. मऊ सुती कापडाची घडी ओली करून तिच्या चिमटीतून तंगूस दोन वेळा ओढावा, नंतर कोरड्या कापडातून एकदा ओढावा. कापड जुन्या धोतराचे किंवा पंच्याचे असावे. आपल्याकडे घरोघरी टर्किश टॉवेलचे तुकडे असतात, पण त्यांचे उभे धागे तुटून तंगुसाला चिकटतात, म्हणून ते या कामाला वापरू नयेत. माझे स्पष्ट मत असे आहे की दोरी बुडते म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या केवळ एवढ्याने मिटाव्यात.

खोबरेलाचा सल्ला मात्र आपण मानू नये. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या वर पातळ असते, म्हणजे सोलापुरात वर्षाचा बहुतेक काळ ते तेलच असते. ते तंगुसावर टिकून न राहता पाण्यावर पसरून निघून जाते, आणि जे थोडे उरते ते खवट होऊन धूळ धरते. मेणबत्तीचे मेण पाणी उत्तम झटकते, परंतु ते कडक असल्याने तंगूस रिळावर वळला की त्याला भेगा पडतात आणि त्याचे कण काठीच्या कड्यांत साचतात. या दोहोंच्या मधले, म्हणजे मऊ पण न वाहणारे असे काही आपल्याला हवे आहे. विकतच्या लेपांत बहुधा मेण, पॅराफिन किंवा सिलिकॉन असते. घरी करायचे असल्यास मधमाशांच्या मेणाचा एक भाग आणि साध्या, विनासुगंधी पेट्रोलियम जेलीचे तीन भाग एका लहान डबीत घेऊन ती डबी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी, मिश्रण एकजीव झाले की ढवळून थंड होऊ द्यावे. चैत्र-वैशाखात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, नुसती पेट्रोलियम जेली पातळ होऊन हाताला आणि रिळाला लागते; त्या दिवसांत मेणाचे प्रमाण वाढवून दोन भाग जेलीला एक भाग मेण असे ठेवावे. मधमाशांचे मेण ६२ अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे ते मिश्रणाला आधार देते. डबी थेट विस्तवावर मात्र कधीही ठेवू नये.

लावताना ज्वारीच्या दाण्याएवढे मिश्रण दोन बोटांत चोळून ऊब आणावी आणि तरंग्याच्या वर वीतभर जागा सोडून पुढे सात-आठ मीटर तंगूस त्या बोटांतून ओढावा. यानंतरची कृती बहुतेक जण गाळतात आणि तीच महत्त्वाची आहे: कोरड्या कापडातून तोच भाग पुन्हा ओढून दिसेल तेवढे सारे मिश्रण पुसून टाकावे. पाणी झटकण्याचे काम डोळ्यांना न दिसणारा थर करतो. दिसणारा थर फक्त धूळ गोळा करतो. मध्ये दोरी पुन्हा बुडू लागली तर आणखी लेप न देता आधी पुसून पाहावे.

तरंग्याच्या खालचा, गळाकडचा भाग अजिबात तुपकट होता कामा नये, कारण तो बुडायलाच हवा. तो पृष्ठभागाजवळ लोंबकळला तर आमिष ठरलेल्या खोलीवर जात नाही. म्हणून मिश्रण लावण्याचे काम आमिषाला हात लावण्यापूर्वी उरकून हात साबणाने धुवावेत. खालच्या भागाला चुकून तुपकटपणा लागलाच, तर मुलतानी माती, थोडे पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब यांचा लगदा करून त्यातून तेवढा भाग ओढावा. मुलतानी माती तेल शोषून घेते आणि द्रवाच्या थेंबामुळे पाणी दोरीला चिकटते. या लगद्यात ग्लिसरीनचे दोन थेंब घातले तर तो डबीत लवकर सुकत नाही.

आता हिसक्याविषयी. दोरी पाण्यावर पडलेली असली की काठी उचलताच ती पाण्यावरून सोलल्यासारखी उचलली जाते आणि ओढ सरळ तरंग्याकडे पोहोचते. बुडालेली दोरी मात्र पाण्यात झोळासारखी वाकलेली असते, हिसक्याचा पहिला जोर तो झोळ पाण्यातून आडवा ओढण्यात खर्च होतो, आणि तेवढ्या क्षणात मृगळ आमिष सोडून देतो. तेव्हा मासा न लागण्याचे आपले निदान बरोबर आहे.

प्रश्न : वरील सारे ठीक असले, तरी उजनीच्या पाण्यावर आषाढातल्या वाऱ्यात माझी तरंगती दोरीच मला नडते. वारा दोरीला फुगवतो, तरंगा ओढला जातो आणि आमिष जागेवर राहत नाही.
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : आपल्या ठिकाणी दोरी बुडवणेच योग्य आहे. भीमेवरील उजनीच्या जलाशयाचा विस्तार मोठा आहे आणि पश्चिमेचा वारा त्यावरून कोठेही न अडता येतो. तो पाण्याचा वरचा थरच ढकलत नेतो, आणि त्या थरावर पडलेली दोरी त्याच्याबरोबर जाते. अशा दिवशी दोरीवर कोणताही लेप नको. आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने दोरी धुऊन घ्यावी, आणि किनाऱ्यावर भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब ओल्या कापडावर घेऊन त्यातून ती एकदा ओढावी. हा थेंब खरोखर एकच असावा. पाण्यात फेस सोडणे माशांना आणि जलाशयाला चांगले नाही.

तरंगा खालच्या टोकाला एकाच कडीने दोरीला जोडलेला असावा, म्हणजे दोरी त्याच्या बुडाशी, पाण्याखाली राहते. फेक ठरल्या जागेच्या पलीकडे टाकावी, काठीचे टोक हातभर पाण्यात बुडवावे आणि रिळाचे पाच-सहा वेढे भराभर घ्यावेत. दोरी खाली जाते आणि तरंगा नेमक्या जागी येतो. हिसका या वेळी वर न देता बाजूला, लांब आणि ओढता द्यावा.

फ्लुओरोकार्बनची दोरी घ्यावी का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. तिची घनता सुमारे १.७८ आहे आणि ती नायलॉनपेक्षा पुष्कळ वेगाने बुडते, म्हणून गळाजवळच्या शेवटच्या हातभर तुकड्यासाठी ती उत्तम. सगळे रीळ तिने भरण्याची गरज चिलापी किंवा रोहूसाठी मला तरी वाटत नाही.

प्रश्न : मी यंत्रमागावर काम केले आहे. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांच्या, सुताला खळ देतात, त्यामुळे सूत गुळगुळीत होते आणि फणीतून न तुटता धावते. तीच युक्ती गळाच्या दोरीला का लागू पडू नये?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्रश्न विचारपूर्वक केलेला आहे आणि त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. खळ सुताचे बाहेर आलेले तंतू बसवते, घर्षण कमी करते, आणि तिच्यात घातलेली चरबी किंवा मेण सुताला मऊपणा देते. परंतु सुती ताण्याची खळ मुख्यतः पिष्टाची असते आणि विणून झाल्यावर ती धुऊन काढायची असते. म्हणजे पाण्यात सुटणे हा तिचा गुणच आहे, आणि गळाच्या दोरीला नेमका तोच गुण नको आहे. शिवाय नायलॉनचा तंगूस एकच अखंड तंतू आहे, त्याला बसवायला बाहेर आलेले तंतूच नाहीत.

आपण विणलेली पॉलिएथिलिनची दोरी वापरत असाल, तर तिची घनता सुमारे ०.९७ असते आणि ती स्वतःहून तरंगते. मात्र तिच्या विणीत पाणी आणि बारीक वाळू शिरते, ती जड होते आणि कड्यांतून खरखरत जाते. तिला मेणापेक्षा स्वच्छ पाण्यात भिजवून धुणे आणि सावलीत पूर्ण वाळवणे अधिक उपयोगाचे आहे. वाळल्यावर सिलिकॉनचा हलका हात दिला तर विणीत पाणी कमी शिरते.

प्रश्न : फेकताना दोरी रिळावरून अडखळत सुटते. पेट्रोलियम जेली भरपूर लावून पाहिली, तर फेक आणखी कमी झाली. यंत्रांना मारायचा सिलिकॉनचा स्प्रे चालेल का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : फेक कमी झाली यात नवल नाही. जाड लेपामुळे रिळावरचे वेढे एकमेकांना चिकटतात, सुटलेली दोरी काठीच्या अंगाला चिकटते, आणि लेपात अडकलेले वाळूचे कण प्रत्येक कडीवर घासतात. आधी तो लेप काढावा: दोरी रिळावरून सोडून कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकून धुवावी, आणि नंतर साध्या पाण्यातून दोनदा काढावी. बोअरचे पाणी जड असेल तर अंगाचा किंवा कपड्यांचा साबण वापरू नये, कारण जड पाण्यातील क्षारांशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो दोरीवरच बसतो.

यानंतर कड्या तपासाव्यात. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून गोल फिरवावा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे कडीला चीर आहे, आणि ती कडी बदलल्याशिवाय कोणताही लेप उपयोगी पडणार नाही. रिळाची भरतीही पाहावी. दोरी रिळाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली असावी. त्याहून कमी भरली तर प्रत्येक वेढ्याला कडेवर घासत बाहेर यावे लागते, आणि अडखळण्याचे हे फार सामान्य कारण आहे. नायलॉनला रिळाचा पीळ बसला असेल तर ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून दोघांनी हलक्या हाताने ताणून धरावी. भिजलेल्या नायलॉनची ताकद थोडी घटलेली असते, म्हणून ताण बेताने द्यावा. गळाकडची पहिली काही मीटर दोरी खरखरीत झाली असेल तर कापून टाकावी, आणि कापलेला तुकडा काठावर न टाकता घरी न्यावा. उजनीच्या काठाने वावरणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत तो अडकला तर सुटत नाही.

इतके केल्यावर सिलिकॉन चालेल, पण डब्यावर शुद्ध सिलिकॉन लिहिलेले असले तरच. गंजलेले नट सोडवण्यासाठी मिळणारे फवारे वेगळे असतात, त्यांत खनिज द्रावके असतात आणि वासही तीव्र असतो, म्हणून ते वर्ज्य समजावेत. दोरीवर थेट फवारू नये. कापडावर फवारून, त्यातून दोरी ओढून, रात्रभर वाळू द्यावी.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत लाकडी रीळ आणि त्यावर पिवळसर रंगाची, गोफासारखी विणलेली रेशमी दोरी सापडली आहे. ती ठिकठिकाणी चिकट झाली आहे. ती वापरता येईल का? जवसाचे तेल द्यावे असे ऐकले आहे. आमच्या घरी करडईचे तेल आहे, ते चालेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : हे पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण अशा दोऱ्या आता फार थोड्या उरल्या आहेत. १९३५ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. त्यानंतरच्या दशकांत मासेमारीच्या दोऱ्यांतून रेशीम मागे पडले. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये माशीसारख्या हलक्या आमिषाच्या मासेमारीसाठी रेशमाची विणलेली दोरी जवसाच्या तेलात मुरवून वापरत, आणि ती तरंगावी म्हणून तिच्यावर वेगळा तुपकट लेप देत. आपली दोरी त्याच प्रकारची दिसते.

ती वापरता येईल की नाही, हे आधी ताकदीवरून ठरवावे. टोकाचा हातभर भाग दोन्ही हातांना कापड गुंडाळून धरावा आणि झटका न देता सावकाश ताणावा. तो सहज तुटला तर आणखी थोडा पुढचा भाग पाहावा. सगळीकडेच तुटत असेल, तर रेशीम कुजलेले आहे आणि ती दोरी आठवण म्हणूनच जपावी. ताकद चांगली असेल तर चिकटपणा दूर करता येतो. चिकटपणा येतो तो जुन्या तेलाचा थर बिघडल्यामुळे. थोडा असेल तर टर्पेंटाइनने किंचित ओलसर केलेल्या कापडातून दोरी ओढावी, कापड काळे होईल तसे बदलावे, आणि दोरी सावलीत मोठ्या वेढ्यांत टांगून ठेवावी. धुण्याचा सोडा वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण अल्कली रेशमाला दुर्बळ करते.

आता तेलाविषयी. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट, लवचीक पापुद्र्यात बदलते. अशा तेलांना वाळणारी तेले म्हणतात. त्यातील निम्म्याहून अधिक भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि वाळण्याची घाई त्याचीच असते. करडईच्या तेलात लिनोलेनिक जवळजवळ नसते, पण लिनोलेइक आम्ल पुष्कळ, सुमारे तीन-चतुर्थांश असते. त्यामुळे तेही वाळते, परंतु सावकाश, आणि रंगाने कमी पिवळे पडते. म्हणजे आपल्या जिल्ह्यातले हे तेल अगदीच अयोग्य नाही. अडचण इतकीच की ओलेइक आम्ल जास्त असलेल्या वाणांचे तेल वाळत नाही, आणि डब्यावरून ते नेहमी कळत नाही. शेंगदाण्याचे आणि खोबऱ्याचे तेल तर कधीच वाळत नाही. मोलाची दोरी असताना प्रयोग करण्यापेक्षा रंगाच्या दुकानात मिळणारे डबल बॉईल्ड जवसाचे तेल घ्यावे, असे मी सुचवेन. करडईचे तेल आधी साध्या सुताच्या तुकड्यावर लावून, दोन आठवड्यांत बोटाला न चिकटण्याइतके वाळते का ते पाहावे.

तेल अतिशय पातळ लावावे. दोरी तेलाच्या कापडातून ओढावी, लगेच कोरड्या कापडाने पुसावी, आणि धूळ नसलेल्या हवेशीर खोलीत टांगावी. पहिला थर बोटाला पूर्ण कोरडा लागल्यावरच दुसरा द्यावा. घाईने दुसरा थर दिला तर खालचा ओला राहतो आणि आज आहे तसाच चिकटपणा पुन्हा येतो. तीन-चार पातळ थर पुरतात. शेवटचा थर पक्का झाल्यावर वर सांगितलेले मेणाचे मिश्रण अगदी थोडे चोळून पुसावे, म्हणजे दोरी तरंगेल. वापरल्यानंतर ती रिळावर ओली कधीही ठेवू नये. घरी आल्याबरोबर रिळावरून सोडून खुर्चीच्या पाठीवर मोठ्या वेढ्यांत वाळवावी.

एक धोका कृपया गांभीर्याने घ्यावा. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, आणि तेलाने भिजलेली कापडे चुरगळून एका ठिकाणी टाकली तर ती उष्णता आत कोंडून कापडे आपोआप पेट घेऊ शकतात. एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याच्या खोलीत, हा धोका अधिक. काम संपताच कापडे पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवावीत, किंवा अंगणात एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावीत आणि मगच टाकावीत.

प्रश्न : नोकरीनिमित्त हिमाचलात असलेला भाऊ ट्राउट माशासाठी फ्लाय लाईन, म्हणजे माशीसारखे हलके आमिष फेकण्याची दोरी, वापरतो. ती प्लास्टिकच्या आवरणाची आहे आणि आता बुडू लागली आहे. तिला हेच मेण लावावे का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : पेट्रोलियम जेली असलेले मिश्रण तिला लावू नये. या दोरीचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते, त्याला मऊ ठेवणारा घटक आत मिसळलेला असतो, आणि तरंगण्यासाठी त्यात काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे असतात. खनिज तेले आणि द्रावके मऊपणा देणारा तो घटक ओढून घेतात, मग आवरणाला भेगा पडतात आणि भेगांतून पाणी शिरते. डास पळवणाऱ्या मलमांतील डीईईटी हा घटकही अशा आवरणाला विरघळवतो, म्हणून ते मलम लावल्यावर हात धुतल्याखेरीज दोरीला स्पर्श करू नये.

भावाने दोरी कोमट पाण्यात, सौम्य साबणाच्या एक-दोन थेंबांनी धुऊन, मऊ कापडाने पुसून पाहावी. तिथले पाणी जड असेल तर साबणाऐवजी भांड्यांच्या द्रवाचा थेंब घ्यावा. बहुतेक वेळा दोरी पुन्हा तरंगू लागते. तरीही केवळ टोकाकडचा भाग बुडत असेल, तर तिथल्या जोडातून आत पाणी शिरले आहे का ते पाहावे. टोक कापून, वाळवून, जोड नव्याने बांधावा आणि त्यावर जलरोधक गोंदाचा थेंब सोडावा. त्यानंतर लेप द्यायचाच असेल तर तो फ्लाय लाईनसाठी म्हणून विकला जाणारा असावा, आणि तोही पुसून घ्यावा.